पैसा दुसऱ्याचा, नोंद आपल्या पॅनवर!

जून-जुलै महिना उजाडला की प्राप्तिकर विवरणपत्राची लगबग सुरू होते. नोकरदार नमुना १६ची वाट पाहू लागतात, निवृत्त मंडळी बँकेत खेपा घालून व्याजाचे दाखले गोळा करतात. या धावपळीत काहींच्या हाती असा एखादा कागद पडतो की त्यावरील नाव आपले, पॅन आपला, मात्र रक्कम आपली नव्हे. सार्वजनिक मंडळाच्या खजिनदाराच्या नावे जाहिरातदार कंपनीचा नमुना १६अ येतो. आईच्या ठेवीवरील व्याज मुलाच्या नमुना २६एएसमध्ये उमटते. प्रवासखर्चाची भरपाई सल्लागाराच्या व्यावसायिक शुल्कात मिसळलेली दिसते. अशा वेळी काही जण कागद बाजूला सारून ती रक्कम विवरणपत्रातून वगळतात. काही जण नोटिशीच्या धास्तीने दुसऱ्याच्या पैशावर स्वतः कर भरून मोकळे होतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. कायद्याने यासाठी निश्चित वाट आखून दिलेली असून, ती वेळेत धरली तर कर योग्य व्यक्तीलाच लागतो आणि कापला गेलेला पैसाही वाया जात नाही.

नोंद म्हणजे उत्पन्न नव्हे

मुळातून करकपात, म्हणजेच टीडीएस, ही कर वसूल करण्याची एक पद्धत आहे. पैसे देणारा ठरावीक टक्के रक्कम कापून सरकारजमा करतो आणि ज्याचा पॅन त्याला देण्यात आला आहे, त्याच्या नावे ती नोंदवतो. पगाराव्यतिरिक्तच्या रकमांसाठी दिला जाणारा दाखला म्हणजे नमुना १६अ. तो दर तिमाहीला दिला जातो. तीच कपात नमुना २६एएसमध्ये उमटते. नोव्हेंबर २०२१ पासून त्याच्या जोडीला वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उपलब्ध झाले. त्यात व्याज, लाभांश, समभाग आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार, मोठ्या रोख भरणा अशी बरीच माहिती एकत्र दिसते.

हे कागद पैसे देणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवरून तयार होतात. रकमेचा खरा मालक कोण, याचा निवाडा त्यात झालेला नसतो. कर कापला म्हणून एखादी रक्कम उत्पन्न ठरत नाही आणि कर कापला नाही म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही. तरीही या नोंदीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. विवरणपत्रांची छाननी आज संगणक करतो. बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात भरलेले आकडे आणि नोंदवलेले आकडे समोरासमोर ठेवले जातात. तफावत आढळली की परतावा अडकतो, खुलासा मागणारा संदेश येतो किंवा नोटीस निघते.

आधी ठरवावे : पैसा कुणाचा?

कोणताही नमुना भरण्याआधी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधावे लागते. ‘मी ते पैसे दुसऱ्याला देऊन टाकले’ एवढे सांगणे पुरेसे नसते. रक्कम आपल्याला मिळण्यापूर्वीच कायद्याने दुसऱ्याची झाली होती काय, की ती आपल्याला मिळाली आणि नंतर आपण ती दुसऱ्यासाठी खर्च केली, हा भेद कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली सीतलदास तीरथदास या मुंबईतील करदात्याच्या प्रकरणात तो स्पष्ट केला. पत्नी व मुलांना द्याव्या लागणाऱ्या पोटगीची रक्कम उत्पन्नातून वगळावी, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. उत्पन्न आधी करदात्याचे झाले आणि मग त्यातून दायित्व भागवले गेले, असा तो निर्णय होता.

म्हणूनच स्वतःच्या व्याख्यानाचे मानधन एखाद्या संस्थेला देणगी दिले तरी ते वक्त्याचेच उत्पन्न राहते. देणगीची वजावट मिळत असेल तर ती स्वतंत्रपणे घ्यावी. याउलट संस्थेने करार केला, संस्थेने बिल दिले आणि धनादेश मात्र सोयीसाठी पदाधिकाऱ्याच्या नावे निघाला, तर ते उत्पन्न संस्थेचे ठरते. करारपत्र, ठराव, बिल आणि बँकेचा उतारा हे चार कागद येथे निर्णायक ठरतात.

नियम ३७बीए काय सांगतो?

प्राप्तिकर कायदा, १९६१च्या कलम १९९नुसार कापलेल्या कराचे श्रेय, म्हणजे क्रेडिट, कुणाला द्यायचे हे ठरते. त्याची कार्यपद्धती प्राप्तिकर नियम ३७बीएमध्ये आहे. सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे कपात झाली त्यालाच क्रेडिट मिळते. मात्र ज्या उत्पन्नावर कर कापला ते कायद्यानुसार दुसऱ्याच्या हाती करपात्र असेल, तर क्रेडिटही त्या दुसऱ्या व्यक्तीलाच मिळते. उत्पन्न एकाकडे आणि क्रेडिट दुसऱ्याकडे, अशी फारकत करता येत नाही.

त्यासाठी अट एकच. ज्याच्या नावे कपात होते त्याने कर कापणाऱ्याकडे लेखी घोषणापत्र द्यावयाचे असते. त्यात ज्याला क्रेडिट द्यायचे त्याचे नाव, पत्ता व पॅन, संबंधित रकमेचा तपशील आणि तसे करण्यामागचे कारण लिहावे लागते. घोषणापत्र मिळाल्यावर कर कापणारा ती कपात दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवर नोंदवतो, दाखलाही त्याच व्यक्तीच्या नावे देतो आणि घोषणापत्र स्वतःकडे जपून ठेवतो. यासाठी ठरावीक छापील अर्जाची गरज नाही. साध्या कागदावरचे स्वाक्षरीचे पत्र चालते. ते आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच दिलेले उत्तम, म्हणजे पहिल्या तिमाहीपासून नोंद योग्य नावावर पडते. पत्राची पोच घेण्यास विसरू नये.

संयुक्त ठेवीचा घोळ

घरोघरी आढळणारे उदाहरण म्हणजे बँकेतील संयुक्त मुदत ठेव. बँक कर कापते ती पहिल्या नावाच्या खातेदाराच्या पॅनवर. समजा, आईने स्वतःच्या २० लाख रुपयांची ठेव ७ टक्के व्याजाने ठेवली. पण बँकेतील कामे मुलगा पाहतो म्हणून पहिले नाव त्याचे घातले. वर्षाचे व्याज १ लाख ४० हजार रुपये. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या व्याजावरील कपातीची मर्यादा सर्वसाधारण ठेवीदारांसाठी ५० हजार आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपये झाली. येथे मुलाच्या पॅनवर १० टक्क्यांनी १४ हजार रुपये कापले जातील.

मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि त्याने हे व्याज स्वतःचे म्हणून दाखवले, तर उपकरासह ४३ हजार ६८० रुपयांचा बोजा पडतो. आईचे अन्य उत्पन्न समजा २ लाख ४० हजार रुपये आहे. व्याज मिळवून तिचे एकूण उत्पन्न ३ लाख ८० हजार होते. आर्थिक वर्ष २०२५-२६साठी नव्या करप्रणालीतील करमुक्त मर्यादा ४ लाख रुपये असल्याने तिला कर शून्य आणि १४ हजारांचा पूर्ण परतावा मिळण्यास ती पात्र. ठेव एकच, पण नावांचा क्रम आणि एक घोषणापत्र यांनी एवढा फरक पडतो. पहिले नाव आईचेच असते, तर कर शून्य असल्याने नमुना १५एच देऊन कपातच टाळता आली असती.

मात्र पैसा खरोखर आईचा हवा. मुलाने स्वतःच्या पैशाची ठेव ठेवून केवळ कर वाचवण्यासाठी आईचे नाव पुढे केले, तर व्याज मुलाचेच. त्याने ती रक्कम आईला रीतसर भेट दिली असेल, तर मात्र पुढचे व्याज आईचे ठरते. पती-पत्नींच्या बाबतीत नियम वेगळा आहे. पतीने पत्नीला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवली, तर कलम ६४नुसार व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. अल्पवयीन मुलांच्या ठेवीवरील व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात धरले जाते. या दोन्ही ठिकाणी कपातीचे क्रेडिटही उत्पन्नामागोमाग जाते.

मंडळ, सोसायटी आणि पदाधिकाऱ्याचा पॅन

सार्वजनिक कामात वेळ देणारी माणसे नकळत अडचणीत येतात ती येथे. उत्सवातील कमानीवरच्या जाहिरातीसाठी एखादी कंपनी २ लाख रुपये देते. जाहिरात हे कलम १९४सीखालील ‘काम’ असल्याने तिला कर कापावा लागतो. मंडळाचा पॅन नसतो, म्हणून खजिनदार आपला देतो. व्यक्तीसाठीच्या १ टक्का दराने २ हजार रुपये कापले जातात. कपात किरकोळ वाटते. पण खजिनदाराच्या नावावर २ लाखांची व्यावसायिक जमा उभी राहते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ती जड जाऊ शकते. उत्पन्न न दाखवता केवळ २ हजारांचे क्रेडिट मागितले, तर प्रक्रिया केंद्र ते नाकारते.

यावर खरा उपाय म्हणजे मंडळाचा स्वतंत्र पॅन आणि स्वतंत्र बँक खाते. नोंदणीकृत न्यास असो वा व्यक्तींचा समूह, दोघांनाही पॅन मिळू शकतो. वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सीखालील परवानगी घेण्याची तरतूद आहे. ते कागदही मंडळाच्या नावेच असावेत. व्यवहार होऊन गेला असेल, तर खजिनदाराने मंडळाचा ठराव, पावतीपुस्तक आणि हिशेब जोडून कंपनीला घोषणापत्र द्यावे आणि मंडळाच्या पॅनवर नोंद बदलून घ्यावी. व्यक्तिसमूहासाठी कपातीचा दर २ टक्के असल्याने फरकाची रक्कम भरावी लागेल, हे लक्षात ठेवावे.

गृहनिर्माण सोसायटीची नोंदणी होईपर्यंत रहिवाशांपैकी दोघा-तिघांच्या संयुक्त खात्यात देखभालीचे पैसे ठेवले जातात. खात्यात मोठी रक्कम साचली की तिची ठेव केली जाते आणि व्याजाची नोंद पहिल्या सभासदाच्या माथी येते. येथे वर्गणी आणि व्याज यांत फरक करावा. सभासदांनी सभासदांच्याच सोयीसाठी दिलेली वर्गणी परस्परतेच्या तत्त्वानुसार उत्पन्नच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात हस्तांतर शुल्क आणि बिगर-वास्तव्य शुल्क यांनाही हे तत्त्व लागू केले. मात्र बँकेत ठेवलेल्या रकमेवरील व्याजाला ते लागू होत नाही, असा निर्णय २०१३ साली बंगलोर क्लबच्या प्रकरणात दिला गेला. म्हणजे व्याज करपात्र आहे. पण ते सोसायटीच्या हाती, सचिवाच्या हाती नव्हे.

खर्चाची भरपाई

सल्लागार, वास्तुविशारद, लेखापरीक्षक यांना कामासाठी प्रवास करावा लागतो. शुल्क ८० हजार आणि प्रवासखर्च २० हजार, असे १ लाखाचे एकत्रित बिल दिले की कंपनी कलम १९४जेखाली पूर्ण रकमेवर १० टक्के, म्हणजे १० हजार रुपये कापते. कंपनीचे यात चुकत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ ऑगस्ट १९९५च्या परिपत्रक क्रमांक ७१५मध्ये भरपाईची रक्कम बिलातून वजा करून कपात करता येणार नाही, असे म्हटले आहे. भरपाईचे बिल वेगळे असेल, त्याला मूळ पावत्या जोडलेल्या असतील आणि त्यात नफ्याचा अंश नसेल, तर त्यावर कपात नको, अशी भूमिका न्यायाधिकरणांनी वेळोवेळी घेतली आहे. तेव्हा दोन बिले करणे शहाणपणाचे. वस्तू व सेवा करही बिलात वेगळा दाखवावा. तसे केल्यास १९ जुलै २०१७च्या परिपत्रक २३/२०१७नुसार त्या करावर कपात होत नाही.

कपात झालीच असेल तर घाबरण्याचे कारण नाही. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याने १ लाख जमेत आणि २० हजार खर्चात दाखवावेत. निव्वळ उत्पन्न ८० हजारच राहते आणि १० हजारांचे पूर्ण क्रेडिट मिळते. अडचण होते ती कलम ४४एडीएखाली अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यांची. तेथे एकूण जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरले जाते आणि वेगळा खर्च वजा होत नाही. जमा १ लाख धरली तर उत्पन्न ५० हजार होते, ८० हजार धरली तर ४० हजार. वर्षभरात अशी दहा बिले झाली तर फरक लाखाच्या घरात जातो. वेगळ्या बिलाचे महत्त्व येथे कळते.

गोव्यातील दांपत्ये

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, त्या पती-पत्नींसाठी कलम ५ए आहे. त्यानुसार पगार वगळता अन्य सर्व उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पणजीतील जागेचे दरमहा ६० हजार रुपये भाडे कंपनी पतीच्या नावे देत असेल, तर वर्षाच्या ७ लाख २० हजारांवर ७२ हजारांची कपात पतीच्या पॅनवर दिसते. प्रत्यक्षात दोघांनी प्रत्येकी ३ लाख ६० हजार भाडे आणि ३६ हजारांचे क्रेडिट दाखवायचे असते. विवरणपत्रात त्यासाठी ५ए हे स्वतंत्र परिशिष्ट आहे. अशा दांपत्यांना आयटीआर-१ वापरता येत नाही.

खातेदाराच्या निधनानंतर

वडिलांच्या निधनानंतरही त्यांच्या पॅनवर व्याज आणि कपात नोंदली जात राहते, कारण बँकेला कळवायचे राहून गेलेले असते. निधनाच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न वडिलांचे; त्याचे विवरणपत्र वारसाने कलम १५९नुसार प्रतिनिधी म्हणून भरावयाचे. त्यासाठी प्राप्तिकर संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. त्यानंतरचे व्याज वारसांचे किंवा वाटणी होईपर्यंत मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाच्या हाती करपात्र. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पॅन बँकेला लगेच दिला तर पुढची नोंद योग्य नावावर पडते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. पण वर्ष उलटले की निस्तरणे अवघड होऊन बसते.

विवरणपत्रात कुठे, कसे लिहावे?

आयटीआर-२ आणि आयटीआर-३मधील टीडीएसच्या परिशिष्टात क्रेडिट स्वतःचे की दुसऱ्या व्यक्तीचे, असा रकाना असतो. ज्याच्या नावे कपात झाली त्याने तेथे दुसऱ्या व्यक्तीचा पॅन लिहून तिच्याकडे जाणारी रक्कम दाखवावी. ज्याचे उत्पन्न आहे त्याने आपल्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवून पहिल्याचा पॅन लिहावा आणि क्रेडिट मागावे. दोन्हीकडचे आकडे रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. दुसऱ्याच्या नावे कपात झालेले उत्पन्न ज्याच्या हाती करपात्र आहे, त्याला आयटीआर-१ भरता येत नाही. वरील उदाहरणातील आईने, केवळ निवृत्तिवेतन आणि व्याज असले तरी, आयटीआर-२ निवडावा. अनेकांचा परतावा याच चुकीमुळे रखडतो.

याच्या जोडीला एआयएसमध्ये प्रतिसाद नोंदवावा. प्रत्येक नोंदीसमोर माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, अन्य पॅनची किंवा अन्य वर्षाची आहे, दोनदा आली आहे, ती मान्य नाही, असे पर्याय मिळतात. मे २०२४पासून हा प्रतिसाद माहिती पुरवणाऱ्याकडे गेला काय आणि त्याने तो मान्य केला काय, हेही दिसू लागले. तथापि, या प्रतिसादाने नमुना २६एएसमधील कपातीची नोंद बदलत नाही. ती बदलण्याचा अधिकार कर कापणाऱ्याचा. त्याने सुधारित टीडीएस विवरणपत्र भरले तरच ती हलते. म्हणून आधी बँकेला किंवा कंपनीला पत्र, मग एआयएसमध्ये प्रतिसाद आणि शेवटी विवरणपत्र, असा क्रम ठेवावा. नोंद नंतर दुरुस्त झाली तर कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

हे टाळावे

* आपला पॅन मंडळ, सोसायटी, मित्राचा व्यवसाय किंवा नातेवाइकाची ठेव यांसाठी सहज देऊ नये.
* उत्पन्न न दाखवता केवळ कपातीचा परतावा मागू नये.
* दुसऱ्याची रक्कम ‘करमुक्त उत्पन्न’ या सदरात टाकू नये. ती करमुक्त नसते. ती दुसऱ्याची असते.
* दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळू नयेत. मिसळले असतील तर ते बँकेमार्फतच परत करावेत, म्हणजे उताऱ्यावर माग राहतो.
* पत्रव्यवहार, ठराव आणि पावत्या टाकून देऊ नयेत. १ सप्टेंबर २०२४पासूनच्या तरतुदींनुसार ५० लाख व त्याहून अधिक उत्पन्न निसटल्याच्या प्रकरणांत आकारणी वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपर्यंत, तर अन्य प्रकरणांत सव्वातीन वर्षांपर्यंत फेरआकारणीची नोटीस निघू शकते. कागद निदान सहा वर्षे जपावेत.

नवा कायदा, जुने तत्त्व

प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून अमलात आला आहे. त्यात कलमांची फेरमांडणी झाली असून ‘कर वर्ष’ ही संकल्पना आली आहे. वर दिलेले कलमांचे, नियमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक १९६१च्या कायद्यातील आहेत. ३१ मार्च २०२६पर्यंतच्या उत्पन्नाला तोच कायदा लागू राहतो. त्यापुढच्या उत्पन्नासाठी घोषणापत्र लिहिताना नव्या कायद्यातील क्रमांक पाहून घ्यावेत.

ज्याचे उत्पन्न त्याचा कर आणि ज्याचा कर त्याचेच क्रेडिट, हे सूत्र मात्र दोन्हीकडे समान आहे. विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्री हे सारे जुळवणे कठीण असते. नमुना २६एएस दर तिमाहीला एकदा उघडून पाहिला, तर परकी नोंद वेळीच नजरेस पडते, आणि वर्षअखेरच्या मनस्तापाऐवजी एका साध्या पत्रावर काम भागते. सार्वजनिक कामासाठी पदरमोड करणाऱ्या खजिनदाराला आणि आईच्या औषधपाण्यासाठी बँकेत खेपा घालणाऱ्या मुलाला एवढी दक्षता पुरेशी आहे.